या कामाचं गिऱ्हाईक कोण?

वाचकाचं पत्र:

मी सोलापुरात राहते. बी.कॉम. झालेलं आहे, दोन लहान मुलं आहेत. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, सध्या पाळ्या कमी झाल्या आहेत. इन्स्टाग्रामवर ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ची जाहिरात बघून मी माहिती भरली. दुसऱ्याच दिवशी एका मॅडमचा फोन आला. सहा दिवसांत ६०० फॉर्म टाइप करायचे, फॉर्ममागे ३५ रुपये, म्हणजे २१,००० होतात. नोंदणी फी तुमच्यासाठी माफ, असं त्या म्हणाल्या. आधार, पॅन आणि सहीचा फोटो मागितला, तो मी पाठवला. आता आठ पानांचं इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट माझी सही लावून आलं आहे. सोमवारी लॉगिन मिळणार. कंपनीचं उद्यम प्रमाणपत्र आणि जीएसटी नंबरही त्यांनी दाखवला.

माझ्या जाऊबाई टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम करतात. त्यांना आधी १५० रुपये मिळाले, मग २,००० भरल्यावर २,८०० परत आले. आता ७,००० भरणार आहेत आणि मलाही ये म्हणतात. पैसे खात्यात आलेले मी डोळ्यांनी पाहिले, मग खोटं कसं म्हणायचं? माझी आई घरी विड्या वळायची. तिच्यासारखं घर सांभाळून चार पैसे कमवावेत एवढंच मनात आहे. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. खरं कुठलं, खोटं कुठलं, ओळखायचं कसं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर:

ताई,

आधी सोमवारचं. ते लॉगिन उघडू नका, एकही फॉर्म टाइप करू नका. ही फसवणूक आहे आणि ती कशी चालते हे ठाऊक असल्यामुळे मी इतक्या ठामपणे सांगते आहे. त्या आठ पानांत ‘अ‍ॅक्युरसी’ (अचूकता) हा शब्द शोधा. ९० किंवा ९५ टक्के काम बिनचूक हवं, मुदतीत पूर्ण हवं, नाहीतर तुम्हाला कंपनीला अमुक हजार रुपये द्यावे लागतील, अशा अर्थाचं कलम तिथे असेल. फी माफ केली ती याच कलमाच्या भरवशावर. त्यांना तुमच्याकडून पैसे कामाच्या आधी काढायचे नसतात, नंतर काढायचे असतात.

पुढचं साधारण असं घडतं. लॉगिन केल्यावर पडद्याच्या एका बाजूला फॉर्मचं पुसट चित्र दिसतं आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या चौकटी. अक्षरं अशी की शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’ हे ओळखू येऊ नये. दिवसाला शंभर फॉर्म उरकायचे म्हणजे बाई पहाटे उठून बसते, मुलं झोपल्यावर परत बसते. चौथ्या-पाचव्या दिवशी साइट अडकायला लागते. तरीही कोणी जिवाचं रान करून ६०० फॉर्म पाठवलेच, तर दोन दिवसांनी तपासणीचा अहवाल येतो: अचूकता ८१ टक्के, काम नापास. मग ज्या मॅडम गोड बोलत होत्या त्यांचा फोन लागत नाही. ‘लीगल डिपार्टमेंट’मधून एका पुरुषाचा फोन येतो. तुम्ही करार मोडला, साडेसहा हजार आजच्या आज भरा, नाहीतर संध्याकाळपर्यंत केस दाखल होईल. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या शिक्क्याची नोटीस येते, वर अशोकस्तंभ, खाली लाल अक्षरं. घाबरून पैसे भरले तर ‘एनओसी’चे वेगळे पैसे निघतात, मग कोर्टातली फाइल बंद करण्याचे. जी एकदा भरते तिला पुन्हा फोन येतो, कारण ती भरते हे त्यांना कळलेलं असतं.

तुमची सही त्यांच्याकडे गेली आहे, तेव्हा तुम्ही काम केलं नाही तरी असा फोन येऊ शकतो. म्हणून कायद्याची बाजू नीट समजून घ्या. कामात चुका झाल्या किंवा काम पूर्ण झालं नाही, हा फौजदारी गुन्हा नाही. फार तर तो दिवाणी वाद ठरतो. भारतीय करार कायदा १८७२ मधला आहे आणि त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी ती आपोआप वसूल होत नाही. वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा असते. त्यासाठी समोरच्याला कोर्टात उभं राहून आपली कंपनी, आपला पत्ता आणि आपलं नुकसान सिद्ध करावं लागेल. ही टोळी त्या वाटेला जाणार नाही. कोणी केस नंबर सांगितलाच तर त्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक विचारा. जिल्हा न्यायालयातल्या प्रकरणाला तो असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या तपासता येतो. पोलिसांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हजर राहण्याची नोटीस आली तर हेही लक्षात असू द्या: आरोपीला हजर राहण्यासाठीची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. आई विड्या वळायच्या, असं तुम्ही लिहिलंत. तो व्यवहार आठवून बघा. कारखानदार पान आणि तंबाखू द्यायचा. आई पान भिजवून, कात्रीने बेतून, विड्या वळून, दोरा बांधून परत न्यायच्या. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. विडी खराब निघाली तर ‘छाट’ म्हणून ती बाजूला काढायचे आणि तिचे पैसे कापायचे. त्या छाटीवरून सोलापुरातल्या बायका भांडल्या, संघटित झाल्या, कारण ती अनेकदा अन्यायाची असायची. तरीही त्या सगळ्या व्यवस्थेत ‘तुमच्या विड्या खराब निघाल्या, आता तुम्हीच आम्हाला साडेसहा हजार द्या’ असं कोणी म्हणत नव्हतं. मजुरी कमी मिळेल, उशिरा मिळेल, त्यासाठी झगडावं लागेल. पण पैसा यायचा तो कारखान्याकडून बाईकडे. आणि तो का यायचा, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं. विडी पानटपरीवर विकली जात होती.

लिज्जत पापडाचंही तसंच. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. आजही बाई केंद्रावरून पिठाचे गोळे घरी नेते, पापड लाटून, वाळवून परत देते आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेते. तो पापड दुकानात दिसतो, लग्नाच्या पंगतीत वाढला जातो.

घरबसल्या काम ही आपल्याकडे इंटरनेटने आणलेली गोष्ट नव्हे. ते पूर्वीही होतं आणि त्याची कसोटी बदललेली नाही. ऑफर कितीही नवी असो, एक प्रश्न विचारा: मी करणार त्या कामाचं गिऱ्हाईक कोण? माझ्या हातून तयार झालेली वस्तू किंवा केलेली सेवा शेवटी कोण विकत घेतं आणि त्याला ती का हवी आहे? याचं उत्तर सरळ मिळालं तर पुढच्या चौकश्या करण्यात अर्थ आहे. ते मिळत नसेल, किंवा ‘कंपनीचं सीक्रेट आहे’, ‘आमचे परदेशी क्लायंट आहेत’ असं गोलमोल मिळत असेल, तर त्या धंद्यात गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आहात.

तुमच्या ६०० फॉर्मना हा प्रश्न लावा. छापील मजकूर वाचून टाइप करून देणारी सॉफ्टवेअरं आज मोबाइलमध्ये फुकट आहेत. मग एका पुसट फॉर्मचे ३५ रुपये देणारा कोण असेल? बँक, विमा कंपनी किंवा रुग्णालय आपल्या ग्राहकांची माहिती इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या, कधी भेट न झालेल्या बाईकडे पाठवेल का? ते फॉर्म कोणालाच नको आहेत. तुम्ही टाइप केलेलं कोणी वाचतही नाही. नामांकित पेन्सिल कंपनीच्या नावाने ‘घरी पेन्सिली पॅक करा, महिना ३०,००० कमवा’ अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांचंही तेच. पाच-दहा रुपयांना विकल्या जाणाऱ्या पेन्सिलीच्या पॅकिंगला एवढी मजुरी परवडणार कुठून?

जाऊबाईंची गोष्ट जास्त काळजीची आहे, कारण त्यांना पैसे मिळाले आहेत आणि मिळालेल्या पैशासमोर कोणाचा शब्द टिकत नाही. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्यासोबत बसून एवढंच विचारा, की २,००० वर ८०० कोणी दिले आणि कशासाठी? हॉटेलला रेटिंग हवं असेल तर ते रेटिंग दिल्याचे पैसे देईल. रेटिंग देणाऱ्याकडूनच आधी २,००० कशाला घेईल? अर्ध्या तासात इतकं व्याज देणारा उद्योग जगात नाही. ते ८०० रुपये आले ते बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी जाऊबाईंच्या खात्यातून. हा धंदा असाच फिरतो: नव्याने फसलेल्याचे पैसे थोडेसे आधीच्याला दाखवायचे, आणि त्याचा विश्वास बसला की त्याच्याकडून मोठी रक्कम काढायची.

त्यांच्या ग्रुपमध्ये चार-पाच जण असतील. ‘माझे ४०,००० आले’, ‘थँक्यू मॅडम’ असे स्क्रीनशॉट टाकणारे. ते सगळे त्या टोळीचेच. ७,००० भरल्यावर जाऊबाईंना एका साइटवर ११,००० जमा दिसतील, पण काढता येणार नाहीत. टास्क तीन टप्प्यांचं आहे, दुसरा टप्पा १८,००० चा, असं कळेल. त्या थांबल्या तर ग्रुपमधले बाकीचे दटावतील, ‘ताई, तुमच्यामुळे आमचेही पैसे अडकले.’ हा दबाव फार वाईट असतो. अनोळखी लोकांचं नुकसान आपल्यामुळे होतंय, या भावनेपोटी माणसं मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरतात. त्यानंतर चूक बटण दाबलं म्हणून दंड, मग रक्कम सोडवायला ३० टक्के टॅक्स आधी भरा, मग ‘क्रेडिट स्कोअर’ वाढवा. पडद्यावरचा आकडा वाढत जातो आणि खात्यातला कमी होतो. अशा पार्ट-टाइम टास्कच्या नावाने चालणाऱ्या शंभराहून जास्त वेबसाइट केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये एका फटक्यात बंद केल्या. तरी धंदा चालूच आहे, कारण नवी साइट उघडायला वेळ लागत नाही.

त्या टॅक्सबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काम देणारा कर कापतो तो तुमच्या मोबदल्यातून, तुमच्या पॅनवर, आणि तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावापुढे दिसतो. ‘आधी टॅक्स भरा, मग तुमचे पैसे सोडतो’ असं खरा मालक कधीच म्हणत नाही. तसंच, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

जाऊबाईंना आणखी एक धोका आहे आणि तो त्यांना आजच सांगा. त्यांच्या खात्यात आलेली रक्कम दुसऱ्या कोणाकडून चोरलेली असेल आणि त्या माणसाने तक्रार केली, तर पैशाचा माग काढताना बँक ती रक्कम रोखून धरते. कधी पूर्ण खातंच गोठवलं जातं. मग घरातला पगार, गॅसची सबसिडी, मुलांची फी सगळं अडकतं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. म्हणून ग्रुपमधून नुसतं बाहेर पडू नका. आधी सगळ्या संभाषणाचे, यूपीआय आयडींचे, व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच जपून ठेवा. पुढे बँकेने विचारलं तर आपणहून कळवलं होतं हे दाखवता येईल. त्यांनी ७,००० याआधीच भरले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवला जाण्याआधी बँकांना कळलं, तरच तो रोखता येतो. आणि ‘तुमचं खातं महिनाभर वापरायला द्या, १०,००० देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. खातं भाड्याने देणारा स्वतः आरोपी होतो.

पैसे आले म्हणजे धंदा खरा, या समजुतीने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं पूर्वीही नुकसान झालं आहे. स्पीक एशिया नावाच्या कंपनीत लोकांनी ११,००० रुपये भरून ऑनलाइन सर्वेक्षणं भरण्याचं काम घेतलं होतं. सुरुवातीला पैसे येत होते, म्हणून लोकांनी मेव्हण्या-भाच्यांनाही आत ओढलं. २०११ मध्ये ते सगळं कोसळलं आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. त्या वेळी बातमीदारांनी जो प्रश्न विचारला तो हाच होता, की ही सर्वेक्षणं विकत कोण घेतं? ज्या मोठ्या कंपन्यांची नावं ग्राहक म्हणून सांगितली गेली होती, त्यांतल्या काहींनी आमचा संबंध नाही म्हणून हात वर केले.

तुम्हाला दाखवलेल्या कागदांबद्दल. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे सरकारने कंपनी तपासून दिलेली शाबासकी नव्हे. ती फुकट होणारी ऑनलाइन नोंदणी आहे आणि अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. उद्या तुम्ही शिलाईचं काम सुरू केलंत तर तुम्हालाही ती मिळेल. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तो जीएसटी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. अनेकदा तिथे भलत्याच गावातलं किराणा दुकान निघतं. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणत असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पण नाव सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण खऱ्या कंपन्यांची नावं चोरूनही हे उद्योग चालतात. त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर काढा आणि तिथे विचारा, की अमुक बाई तुमच्याकडे कामाला आहेत का. जाहिरातीतल्या नंबरवर खात्री करून घेण्यात काही अर्थ नाही.

तुमचे कागद त्यांच्याकडे गेले आहेत, त्याची सोय या आठवड्यात करा. तुमची सही आणि आधारचा फोटो तुम्ही विश्वासाने दिला, यात लाजण्यासारखं काही नाही. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची नोंद) लॉक करा, ते आधारच्या अ‍ॅपवरून होतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. तुमच्या पॅनवर कोणी कर्ज उचललेलं नाही ना, हे पाहायला सिबिलसारख्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो दोन-तीन महिन्यांनी मागवा. त्या कंपनीला एका ओळीचा ईमेल करा: ‘मी हे काम स्वीकारत नाही, माझी कागदपत्रं वापरण्यास माझी संमती नाही.’ त्याची प्रत ठेवा आणि त्यांच्याशी फोनवर बोलणं बंद करा. धमकीचा फोन आला तर तो नंबर आणि मेसेज तक्रारीला जोडा.

आणि हे आज रात्रीच मिस्टरांना सांगा. हे लोक बाईच्या एकटेपणावर जगतात. ‘घरी नोटीस येईल, सासऱ्यांना फोन करू’ हे वाक्य चालतं ते घरी माहीत नसतं म्हणूनच. तुमचा अजून एक रुपयाही गेलेला नाही. या घडीला सांगणं सोपं आहे.

खऱ्या कामाबद्दलही विचारलंत. तुम्ही बी.कॉम. आहात आणि सोलापूर व्यापाराचं गाव आहे. चादरी-टॉवेलचे कारखाने, कापडाची दुकानं, औषधांचे वितरक, या सगळ्यांना बिलं नोंदवून, हिशेब जुळवून, जीएसटीची विवरणपत्रं वेळेत भरून हवी असतात आणि ती दर महिन्याला किंवा तिमाहीला भरावीच लागतात. त्या कामाचं गिऱ्हाईक तुम्हाला बाजारात चालत जाऊन भेटेल. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत नसेल तर गावातल्याच एखाद्या क्लासमध्ये जाऊन शिका, आणि फी भरण्याआधी आधीच्या दोन-तीन विद्यार्थिनींशी बोला. मग एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन विचारा, की आठवड्यातून दोन दिवस येईन, बाकीची नोंदणी घरून करून देईन, चालेल का? सुरुवातीला हातात फार येणार नाही. २१,००० सहा दिवसांत तर नाहीच. पण बिलाला किंवा महिन्याला किती, पैसे कुठल्या तारखेला आणि चूक झाली तर दुरुस्ती कोणी करायची, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि साध्या मराठीत एका कागदावर लिहून घ्या. मिस्टरांच्या कारखान्याचे हिशेब कोण बघतं, ही चौकशी तर उद्याच करता येईल.